टक्क्यांवरून खात्रीने काय सांगता येतं? गावच्या सर्वेक्षणाचा कागद वाचण्याची रीत

१ मेच्या ग्रामसभेत कोकणातल्या आमच्या गावच्या पाण्याच्या सर्वेक्षणाचा कागद वाचला गेला. कागदावर दोनच ओळी होत्या. विहिरीचं पाणी मिळणारी घरं ७२ टक्के, नळजोडणी असलेली घरं ६५ टक्के. वाचणाऱ्याने तिथल्या तिथे बेरीज केली. "बहात्तर आणि पासष्ट, एकशे सदतीस. म्हणजे शंभराच्या वर झालं. सगळ्यांची सोय झालेली आहे." पुढचा विषय घ्यायला कागद उलटला, तेवढ्यात सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाडीतली एक काकी उठली. म्हणाली, "आमच्याकडे विहीर नाही आणि नळही नाही." तिला उत्तर मिळालं, "आकडे बघा ना, आकडे काय सांगतात ते."

मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. बेरजेत काहीतरी चुकतंय हे मला जाणवलं, पण नेमकं काय, ते उठून दोन वाक्यांत सांगता आलं नाही. मी गप्प बसले, आणि ती बोच अजून गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी ती काकी आमच्या पडवीत आली. म्हणाली, "बाई, तुम्ही गणित शिकवलंत ना? मग मला सांगा, आकडा खरा की मी खरी?"

दोन्ही खरं होतं. आकडे चुकलेले नव्हते, त्यांच्यावरून काढलेलं अनुमान चुकलं होतं. त्या दिवसापासून गावात येणारा प्रत्येक टक्केवारीचा कागद मी एका ठरावीक रीतीने वाचते. ती रीत इथे सविस्तर देते. सातवीपर्यंतच्या गणितापलीकडचं यात काही नाही. खालचे गावचे आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी १०० घरांचं गाव धरून बसवलेत. घोळ मात्र तोच आहे.

आधी विचारा: शंभर कशाचे?

टक्का म्हणजे शंभरातले इतके. पण शंभर काय? घरं, माणसं, कुटुंबं, की फक्त उत्तर दिलेली माणसं? दोन टक्के एकाच शंभराचे नसतील, तर त्यांची बेरीज-वजाबाकी करायचीच नाही. हा नियम पाळला तर निम्म्या चुका तिथेच थांबतात.

खऱ्या आकड्यांचं उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. घरटी एकजण मुंबईला, हे आपलं जुनं वास्तव त्या आकड्यात दिसतं. म्हणजे लोकसंख्येत स्त्रिया सुमारे ५२.९ टक्के. त्याच जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८२.१८ टक्के होती. आता कोणी म्हणेल, ५२.९ आणि ८२.२ मिळून १३५.१, शंभर वजा केले, तर जिल्ह्यात किमान ३५ टक्के साक्षर स्त्रिया आहेत. रीत बरोबर आहे, ती पुढे येईलच. पण शंभर वेगळे आहेत. स्त्रियांचा टक्का सगळ्या लोकसंख्येवर काढलेला आहे, तान्ह्या मुलींसकट. साक्षरतेचा टक्का जनगणनेत सात वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या माणसांवरच काढतात. सात वर्षांवरच्या लोकसंख्येत स्त्रिया किती टक्के, हे आधी हाती यायला हवं. तोवर ३५ हा आकडा खात्रीचा नाही.

दुसरी गोष्ट, प्रश्न काय विचारला होता ते बघा. "नळ आहे का?" आणि "नळाला पाणी येतं का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्यात माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट आहे. पण गावच्या कागदात बऱ्याचदा जोडणीच मोजलेली असते, लिटर मोजलेले नसतात. विहिरीचंही तसंच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन चालावं लागतं, कारण जांभ्यातून आणि उतारावरून ते पाणी टिकतच नाही. "विहीर आहे" हे उत्तर ऑगस्टमध्येही खरं आणि मेमध्येही खरं. पाणी मात्र ऑगस्टमध्ये असतं, मेमध्ये नसतं.

तिसरी गोष्ट, टक्क्याचा टक्का. कागदात लिहिलेलं असतं, "विहीर असलेल्या घरांपैकी ५० टक्के घरांच्या विहिरी मेमध्ये आटतात." हा ५० टक्का विहीरवाल्या ७२ घरांचा आहे. तो आधी गावच्या शंभरात आणायचा. ७२ चे निम्मे ३६. म्हणजे मेमध्ये विहिरीचं पाणी असलेली घरं ३६. हे न करता ५० चा आकडा ६५ च्या शेजारी मांडला, की पुढचं सगळं फसतं.

शंभर काजूच्या बिया

आता मुख्य रीत. काकीला मी ती खळ्यात बसून दाखवली, तशीच तुम्हीही एकदा करून बघा. नुसतं वाचून जेवढं समजतं त्यापेक्षा हाताने केलेलं जास्त टिकतं.

शंभर काजूच्या बिया एका ओळीत मांडा. एक बी म्हणजे एक घर. विहीर असलेल्या घरांना चुना लावायचा आहे. डावीकडून सुरुवात करून ७२ बियांना चुन्याचा ठिपका द्या. आता नळाचं कुंकू. ६५ बियांना लावायचं आहे, आणि ज्यांना चुना आहे त्या शक्यतो टाळायच्या आहेत. म्हणून उजव्या टोकापासून सुरुवात करा. उजवीकडच्या २८ बिया कोऱ्या होत्या, त्यांना कुंकू लागलं. पण आणखी ३७ बियांना लावायचं राहिलंय आणि कोरी बी उरलेली नाही. आता चुन्यावरच कुंकू लावावं लागतं. ३६ व्या बीपासून ७२ व्या बीपर्यंत, ३७ बियांवर दोन्ही रंग आले.

यापेक्षा कमी करता येतच नाही. तुम्ही कितीही प्रयत्न केलात तरी ३७ बियांवर दोन्ही रंग येणारच. म्हणून हे विधान खात्रीचं आहे: किमान ३७ घरांत विहीर आणि नळ दोन्ही आहेत. हिशेबाने ७२ + ६५ − १०० = ३७.

आता उलट करा. कुंकू पुसा आणि तेही डावीकडूनच लावत या. ६५ च्या ६५ बिया चुन्याच्याच निघतात. दोन्ही रंग असलेल्या बिया ६५, आणि उजवीकडे २८ बिया अगदी कोऱ्या. म्हणजे दोन्ही असलेली घरं जास्तीत जास्त ६५ (दोन आकड्यांतला लहान), आणि दोन्ही नसलेली घरं जास्तीत जास्त २८ (शंभरातून मोठा आकडा वजा).

पहिल्या मांडणीत कोरी बी एकही नव्हती, दुसरीत २८ होत्या. चुना आणि कुंकू दोन्ही वेळा तेवढंच होतं, ७२ आणि ६५. कागदावरचे आकडे या दोन मांडण्यांत फरकच करू शकत नाहीत. ग्रामसभेत जी चूक झाली ती नेमकी इथे. बेरीज शंभरावर गेली, तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की काही घरांना दोन्ही मिळालंय. सगळ्यांना काहीतरी मिळालंय, हे त्यातून निघत नाही. काकीने दुसरी मांडणी बघितली, कोऱ्या बिया मुठीत उचलल्या आणि म्हणाली, "ही आमची वाडी."

या दोन मांडण्यांत एक धागा आहे, तो ध्यानात ठेवा. पहिलीत दोन्ही रंग ३७ आणि कोऱ्या ०. दुसरीत दोन्ही रंग ६५ आणि कोऱ्या २८. फरक दोन्हीकडे ३७ च. मधली कुठलीही मांडणी घेतली तरी तो ३७ च राहतो. म्हणजे दोन्ही असलेली घरं मोजली, की दोन्ही नसलेली आपोआप कळतात, आणि उलटही. फक्त एक आकडा जास्त मिळाला, की सगळं चित्र पक्कं होतं.

बेरीज शंभरापेक्षा कमी भरली तर काय? समजा ३० टक्के घरांची होडी आहे आणि ४५ टक्के घरांची बागायत आहे. बेरीज ७५. इथे दोन्ही असलेली घरं शून्यसुद्धा असतील, जास्तीत जास्त ३०. पण दुसऱ्या बाजूने खात्री मिळते. किमान २५ घरांत होडीही नाही आणि बागही नाही. सगळ्या होड्या आणि सगळ्या बागा वेगवेगळ्या घरांत वाटल्या तरी ७५ च घरं भरतात. जास्तीत जास्त ५५ घरं तशी असू शकतात. योजना फक्त मच्छीमार आणि बागायतदारांसाठी असेल, तर गावातलं किमान चौथं घर तिच्या बाहेर आहे, हे तुम्ही छातीठोक सांगू शकता.

मघाचा मेचा आकडा पण घालून बघा. मेमध्ये विहिरीचं पाणी ३६ घरांत, नळ ६५ घरांत. बेरीज १०१. दोन्ही असलेली घरं किमान फक्त १, आणि दोन्ही नसलेली जास्तीत जास्त ३५. "सगळ्यांची सोय झाली" म्हणणारा तोच कागद मे महिन्यात एक तृतीयांशाहून अधिक गाव तहानलेलं असण्याची शक्यता पोटात घेऊन बसलेला असतो.

वाडी कुठे लपते

मला या लेखात सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच. टक्का गावाचा असतो, पण माणसं वाडीत राहतात. खलाटीतली, म्हणजे खालच्या सखल भागातली, आगरं वेगळी, सड्यावरची घरं वेगळी, खाडीकाठचा कोळीवाडा वेगळा.

गावात नळ ६५ टक्के. म्हणून "प्रत्येक वाडीत साधारण ६५ टक्के असतील" असं बोललं जातं. खात्रीने किती, ते बियांच्याच रीतीने काढा. वाडी हाही एक टक्काच आहे. सड्यावरची वाडी २४ घरांची, म्हणजे गावातली २४ टक्के. ६५ + २४ = ८९. शंभर भरत नाहीत. त्या वाडीत नळ किमान शून्य. अख्खी वाडी कोरडी असून गावचा टक्का ६५ राहू शकतो.

खलाटीतली मोठी वाडी ६० घरांची असेल तर ६५ + ६० − १०० = २५. म्हणजे त्या वाडीत किमान २५ घरांत नळ आहे, वाडीच्या हिशेबात जवळपास ४२ टक्के. मोठ्या वाडीबद्दल कागद काहीतरी नक्की सांगतो. लहान वाडीबद्दल तो गप्प असतो.

यातून एक सोपी कसोटी मिळते. टक्का शंभरातून वजा करा. जो आकडा येईल तेवढा किंवा त्याहून लहान असलेला गावातला कुठलाही गट त्या टक्क्याआड पूर्ण लपू शकतो. नळ ६५ टक्के, तर ३५ घरांपर्यंतचा गट. शौचालयं ९० टक्के, तर १० घरांपर्यंतचा गट. ९० चा आकडा ऐकून आपण समाधान मानतो, पण दहा घरांची एखादी वाडी अख्खी त्यात बसते. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरं, भाड्याने राहणाऱ्यांची घरं, हे सगळे असेच लहान गट असतात. कागद हातात आला की गावातल्या अशा गटांची नावं मनात घ्या आणि एकेक या कसोटीवर लावून बघा.

गुणाकाराचा मोह

थोडं शिकलेले लोक इथे वेगळी चूक करतात. मीही वर्गात ती करू दिली असेल. ते ७२ टक्क्यांचे ६५ टक्के काढतात, ४६.८, आणि म्हणतात की दोन्ही असलेली घरं ४७ टक्के. हा गुणाकार फक्त तेव्हा चालतो जेव्हा विहीर असणं आणि नळ असणं यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो. आपल्या गावांत असा संबंध नसणं दुर्मिळच. विहीर आगरात, कारण तिथे पाणी वर लागतं. नळाची लाइनही तिथूनच जाते, कारण रस्ता तिथे आहे. ज्याला एक मिळालं त्याला दुसरंही मिळण्याचा संभव जास्त. अशा वेळी दोन्ही असलेली घरं ४७ पेक्षा जास्त निघतात, आणि त्याबरोबर दोन्ही नसलेलीही वाढतात. गुणाकाराने कोरी घरं दहाच्या आसपास दाखवली असती. खरी संख्या २८ पर्यंत काहीही असू शकते. ४६.८ हा अंदाज आहे. अंदाज करायला हरकत नाही, पण तो खात्रीच्या जागी लिहायचा नाही.

तीन, चार, पाच प्रश्न असले तर

दोनापेक्षा जास्त प्रश्न आले की "आहे" सोडा आणि "नाही" मोजा. तिसरी ओळ समजा अशी: पाण्याची टाकी असलेली घरं ८० टक्के. आता नसलेली मांडा. विहीर नसलेली २८, नळ नसलेला ३५, टाकी नसलेली २०. बेरीज ८३. प्रत्येक "नाही" वेगळ्या घराच्या वाट्याला आलं तरी ८३ च घरं खर्ची पडतात. उरलेल्या १७ घरांत तिन्ही आहेत, हे नक्की.

"नाहीं"ची बेरीज शंभर किंवा जास्त झाली, की सगळं असलेल्या घरांबद्दल खात्री संपते. चौथी ओळ पंपाची घ्या, ५० टक्के. पंप नसलेली ५०, बेरीज १३३. चारही असलेलं घर गावात एकही नसू शकेल.

पण इथे लोक फार लवकर कागद बाजूला ठेवतात. अजून काढण्यासारखं बरंच असतं. ७२, ६५, ८० आणि ५० मिळून २६७ होतात. हे २६७ म्हणजे शंभर घरांत वाटलेले ठिपके आहेत, असं समजा. आता विचारा, चारांपैकी किमान तीन गोष्टी असलेली घरं किती? वाटप करून बघू. आधी प्रत्येक घराला दोन-दोन ठिपके द्या. २०० संपले. ६७ उरले. आता ज्या घराला तिसरा ठिपका पडेल ते आपल्या मोजणीत आलं. अशी घरं कमीत कमी ठेवायची, तर निवडक घरांनाच उरलेले ठिपके कोंबायचे. पण एका घरात चारच मावतात, म्हणजे आणखी दोनच. ६७ भागिले २, साडेतेहतीस. अर्धं घर नसतं, म्हणून किमान ३४ घरांत चारांपैकी तीन गोष्टी नक्की आहेत. चारही असतील याची खात्री एकाही घराची नाही, पण तीन असतील याची ३४ घरांची आहे.

पहिल्या तीन ओळींवरच हे करून बघा. बेरीज २१७. किमान दोन गोष्टी असलेली घरं किती? प्रत्येकाला एकेक दिला, १०० संपले, ११७ उरले. एका घरात आणखी दोनच मावतात. साडेअठ्ठावन्न, म्हणजे किमान ५९ घरं. वाटपाची ही पद्धत एकदा हाताखाली बसली की सूत्र पाठ करावं लागत नाही.

या हिशेबाचा उगम जुना आहे. १८०६ साली मदुराईत जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाने "निम्म्याहून अधिक" या शब्दांवरून काय सिद्ध होतं याचा अभ्यास केला. गावातल्या निम्म्याहून अधिक घरांत होडी आणि निम्म्याहून अधिक घरांत बाग असेल, तर किमान एका घरात तरी दोन्ही आहेत. पुढे १८५४ साली जॉर्ज बूल यांनी आणि १९३५ साली मॉरिस फ्रेशे यांनी अशा किमान-कमाल मर्यादा नीट मांडल्या. "निम्म्याहून अधिक" तीनदा आलं तर मात्र सावध राहा. ६०, ६० आणि ६० असतील तर "नाहीं"ची बेरीज १२० होते. तिन्ही एकत्र असलेलं एकही घर नसू शकेल. दोन-दोनच्या जोड्या मात्र प्रत्येकी किमान २० घरांत सापडतीलच.

बंद घरं

कोकणातला सर्वेक्षणाचा कागद वाचताना हा भाग वगळला तर बाकीचं सगळं वाया जाईल. जुलैत सर्वेक्षण करणारी मुलं येतात. दारांना कुलपं. चाकरमानी गणपतीला येणार.

गाव १४० घरांचं धरा. ३५ घरं बंद, १०५ घरांनी उत्तर दिलं. त्यातल्या ८० टक्के लोकांनी नव्या योजनेला "हो" म्हटलं. अहवालात येतं, "८० टक्के ग्रामस्थांची संमती." शंभर कशाचे हा पहिला प्रश्न इथे विचारा. १०५ चे ८० टक्के म्हणजे ८४ घरं. बंद ३५ घरांना विचारलंच नव्हतं. त्या सगळ्यांनी "नाही" म्हटलं असतं तर १४० त ८४, म्हणजे ६० टक्के. सगळ्यांनी "हो" म्हटलं असतं तर ११९, म्हणजे ८५ टक्के. गावाबद्दल खात्रीचं विधान असं: संमती किमान ६० टक्के, जास्तीत जास्त ८५ टक्के. पट्टा रुंद वाटतो, पण तो खरा आहे, आणि निर्णयाला तो पुरतोही. निम्म्याहून अधिक गाव बाजूने आहे, हे बंद घरं धरूनसुद्धा सिद्ध झालं.

"माहीत नाही" म्हणणाऱ्यांनाही हीच वागणूक द्या. एकदा सगळ्यांना एका बाजूला टाकून बघा, एकदा दुसऱ्या.

नमुना पाहणीचं प्रकरण वेगळं आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सगळ्या घरांत जात नाही, निवडक घरांत जाते. तिथे वरच्या रीतीने काढलेली खात्री विचारलेल्या घरांपुरती असते. त्यावरून जिल्ह्याबद्दल बोलणं म्हणजे संभाव्यतेचं शास्त्र, आणि त्यासाठी वेगळा लेख लागेल.

दोन बारीक गोष्टी

कागदावर ७२ लिहिलेलं असतं तेव्हा खरा आकडा ७१.५ पासून ७२.५ च्या जरा आतपर्यंत काहीही असू शकतो. ६५ चंही तसंच. म्हणून किमान काढताना दोन्ही खालचे घ्या: ७१.५ + ६४.५ − १०० = ३६. एखाद्या टक्क्याचा फरक, पण "किमान" हा शब्द वापरायचा असेल तर तो फरक धरायलाच हवा.

उलट बाजूने, घरं नेहमी पूर्ण आकड्यांतच असतात हे उपयोगी पडतं. दहापेक्षा कमी घरांच्या वाडीचा टक्का १४.३ छापला असेल, तर वाडीत सात घरं आहेत आणि त्यातलं एक. दुसरं उत्तरच नाही. एवढ्या लहान गटाचे टक्के छापले, तर घर ओळखू येतं. आजाराची किंवा कर्जाची माहिती असेल तर असे टक्के जाहीर लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षी ६०, यंदा ६५

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा संकटानंतर आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवून बोलण्याची वेळ येते. समजा एका गावात कर्ज असलेली कुटुंबं आधी ६० टक्के होती, नंतर ६५ टक्के. कुटुंबं तीच आहेत. "फारसा फरक पडला नाही, पाचच टक्के" असं म्हणायचं का?

नव्याने कर्जात पडलेली कुटुंबं किमान ५ टक्के, इतकंच नक्की. पण आधी कर्ज नसलेल्या ४० च्या ४० कुटुंबांनी नंतर कर्ज काढलं आणि आधीच्या ६० पैकी ३५ जणांनी जमीन विकून किंवा दागिने मोडून ते फेडलं, तरी नंतरचा आकडा ६५ च येतो. शंभरातल्या ७५ कुटुंबांचं आयुष्य उलटंपालटं झालं आणि कागदावर पाचाचा फरक. आधी आणि नंतर अशी घरागणिक नोंद नसेल, तर "फरक पडला नाही" हे वाक्य लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मग कागद कसा बनवायचा

उपाय स्वस्त आहे. विहिरीचे "हो" वेगळे आणि नळाचे "हो" वेगळे मोजण्याऐवजी प्रत्येक घर चारांपैकी एका रकान्यात टाका: दोन्ही आहे, फक्त विहीर, फक्त नळ, एकही नाही. प्रश्न तेच, फेरी तीच, फक्त मोजताना घर फोडायचं नाही. तीन प्रश्नांना आठ रकाने लागतात, वहीच्या आडव्या पानावर ते आरामात मावतात. चार प्रश्नांना सोळा होतात. तेव्हा सगळ्या जोड्या न करता ज्या जोडीवर पैसा ठरणार आहे तेवढीच करा. आणि कडेला एक स्तंभ वाडीचा.

सरपंचांकडे मी आणि काकी दोघी गेलो. बिया बरोबर नेल्या होत्या. त्यांनी शांतपणे दोन्ही मांडण्या बघितल्या आणि जुन्या सर्वेक्षणाचे फॉर्म काढायला सांगितले. घरागणिक उत्तरं फॉर्मवर होतीच, फक्त एकत्र मोजलेली नव्हती. दहावीच्या दोन मुलींनी एका दुपारीत मोजली.

दोन्ही ५६, फक्त विहीर १६, फक्त नळ ९, एकही नाही १९. पडताळा: ५६ आणि १६ मिळून ७२, ५६ आणि ९ मिळून ६५, आणि ५६ वजा १९ म्हणजे ३७. जुन्या कागदातला एकही आकडा खोटा नव्हता. वाडीच्या स्तंभात बघितलं, तर एकोणिसांपैकी सतरा घरं सड्यावरची होती.